‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ वाचायची कशी? कथेच्या अभ्यासाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची ही कथा जेमतेम हजार शब्दांची आहे. दिवाळी अंकात छापली तर दोन-तीन पानांत आटपेल. घटना एका घरात घडते, तासाभरात संपते, पात्रं चार. तरीही लग्नावरच्या कथांची चर्चा निघाली की हिचं नाव निघतंच, आणि इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला ती कधी ना कधी येतेच.

नव्या वाचकाची अडचण इंग्रजीची नसते. भाषा सोपी आहे, चार-सहा शब्द कोशात बघावे लागतील इतकंच. अडचण असते ती परीक्षेच्या गाइडांची. ‘खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, हृदयविकार म्हणजे दुःखी संसार, वसंत म्हणजे नवं आयुष्य’ अशी यादी हातात मिळते आणि वाचणारा कथेत त्या वस्तू शोधत फिरतो. यादी पाठ केली की मार्क मिळतात, कथा मात्र हाती लागत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी वाक्य बघायचं, मग ते आपल्यावर काय परिणाम करतं ते बघायचं, आणि त्या युक्तीला समीक्षेत काय म्हणतात हे सगळ्यात शेवटी.

पुढे कथेचा शेवट उघड केला आहे. कथा कॉपीराइटच्या बाहेर आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येते. न वाचलेल्यांनी आधी ती वाचून यावं. दहा मिनिटं लागतील.

पायरी १ : पहिलं वाचन नुसतं करा

पेन्सिल नको, शब्दकोश नको. वाचून झाल्यावर गोष्ट स्वतःच्या शब्दांत चार-पाच वाक्यांत लिहून काढा. साधारण अशी होईल :

मिसेस मॅलर्ड यांना हृदयविकार आहे. त्यांचा नवरा ब्रेन्टली रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते. बहीण जोसेफिन ती जपून, आडवळणाने सांगते. नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स शेजारी उभा असतो. मिसेस मॅलर्ड तिथल्या तिथे बहिणीच्या मिठीत ओक्साबोक्शी रडतात, मग एकट्याच वर खोलीत जातात. उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसल्या असताना त्यांना जाणवतं की आपण मोकळ्या झालो. त्या आनंदात त्या जिना उतरून खाली येतात, तेवढ्यात दार उघडून नवरा आत येतो. तो अपघाताच्या जागेच्या आसपासही नव्हता. त्या कोसळतात. डॉक्टर म्हणतात, हृदयविकाराने गेल्या, जीवघेण्या आनंदाने.

आता तुमचा सारांश पुन्हा बघा. ‘नवरा परत आल्याचा धक्का बसून ती मरते’ असं लिहिलं असेल तर ‘धक्का’ या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. कसला धक्का, हा प्रश्न आठव्या पायरीवर लागणार आहे.

पायरी २ : लेखिका कुठे रेंगाळते ते बघा

आता पेन्सिल घ्या. समासात प्रत्येक परिच्छेदासमोर दोन-तीन शब्दांत लिहा : बातमी, रडणं, खिडकी, खिडकी, खिडकी, दार, जिना, मृत्यू.

अपघाताचं वर्णन जवळजवळ नाहीच. मृतांच्या यादीत ब्रेन्टलीचं नाव सर्वांत वर होतं, एवढंच. तिच्या मृत्यूला शेवटचं एक वाक्य. तो मृत्यू घडताना आपल्याला दाखवलाही जात नाही. जोसेफिनची किंकाळी, रिचर्ड्सची धडपड, आणि एकदम डॉक्टरांचं निदान. उलट एक बाई खुर्चीत बसून बाहेर बघते आहे, याला कथेचा निम्म्याहून अधिक भाग. बाहेरून पाहिलं तर त्या भागात काहीच घडत नाही.

कथा कशाबद्दल आहे हे ओळखायचा हा सर्वांत साधा मार्ग. ज्या घटनांवर दुसऱ्या लेखकाने पानंच्या पानं खर्च केली असती त्या शोपॅन उरकते, आणि जिथे इतर पुढे सरकले असते तिथे मुक्काम करते. ती फ्रेंच कथाकार मोपासाँची चाहती होती, त्याच्या काही कथांचं तिने भाषांतरही केलं होतं. प्रस्तावना नाही, उपदेश नाही, शेवटी एक फटका, हे वळण त्या घराण्यातलं.

पायरी ३ : कुणाला काय ठाऊक आहे ते मांडा

कागदावर पाच रकाने करा : लुईस (मिसेस मॅलर्डचं नाव), जोसेफिन, रिचर्ड्स, डॉक्टर, आणि आपण वाचक. प्रत्येक प्रसंगासमोर कोणाला काय माहीत आहे ते भरा. कंटाळवाणं काम वाटेल, पण कथेतला बहुतेक उपरोध याच तक्त्यातून बाहेर पडतो.

सुरुवातीला सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक : ब्रेन्टली गेला. म्हणजे खरं तर सगळेच चुकीचे. लुईस खोलीत गेल्यावर रकाने वेगळे होतात. दाराआड काय चाललं आहे हे फक्त तिला आणि आपल्याला ठाऊक. दाराबाहेर जोसेफिन गुडघे टेकून, कुलपाच्या भोकाला ओठ लावून विनवते आहे : दार उघड, तू स्वतःला आजारी करून घेशील. आतून उत्तर येतं : जा तू, मी आजारी नाही पाडत स्वतःला. आणि हे अक्षरशः खरं आहे. त्या क्षणी ती त्या घरातली सर्वांत धडधाकट व्यक्ती आहे. बोलणारीला एक अर्थ वाटतो, ऐकणारीला दुसरा, आणि वाचकाला दोन्ही दिसतात. याला समीक्षेत नाट्यात्म उपरोध म्हणतात. इंग्रजीच्या वर्गात ड्रॅमॅटिक आयरनी.

ब्रेन्टली दारात येतो तेव्हा आपणही फसतो. प्रसंगच उलटा फिरतो, मेलेला जिवंत निघतो आणि त्याच्यामागे राहिलेली मरते. हा प्रसंगनिष्ठ उपरोध. मग डॉक्टर येतात आणि रकाने पुन्हा फाकतात : डॉक्टर, बहीण आणि मित्र एका बाजूला, आपण एकटे दुसऱ्या बाजूला. शेवटी खरं काय घडलं ते जाणणारं कथेत कुणीच जिवंत उरत नाही.

या तक्त्यात रिचर्ड्सचा रकाना सहसा दुर्लक्षित राहतो. तो वर्तमानपत्राच्या कचेरीत होता, तिथे तार आली. दुसऱ्या तारेने खातरजमा होईपर्यंत तेवढा तो थांबला, आणि मग घाईने निघाला, कारण एखाद्या कमी काळजीच्या माणसाने ही बातमी तिला धाडकन सांगू नये. शेवटीही ब्रेन्टलीला तिच्या नजरेआड करायला तोच पुढे झेपावतो, आणि उशीर करतो. म्हणजे सुरुवातीला फार लवकर, शेवटी फार उशिरा. सगळा अनर्थ काळजीतून झाला आहे, निष्काळजीपणातून नाही. शिवाय ही गोष्ट आगगाडी आणि तारायंत्र यांच्याच जगात घडू शकते. बातमी टपालाने आली असती तर नवरा तिच्याआधी घरी पोचला असता, आणि कथाच उरली नसती.

पायरी ४ : खिडकीपाशी बसा

हीच खरी जागा. हे परिच्छेद मोठ्याने वाचा.

नवरा गेल्याची बातमी ऐकून आलेली बाई बाहेर बघते तेव्हा काय दिसायला हवं? ढग, निष्पर्ण झाडं, संध्याकाळ. शोपॅन देते ती नव्या पालवीने थरथरणारी झाडांची टोकं, हवेत पावसाचा गोड वास, खाली रस्त्यावर ओरडणारा फेरीवाला, लांबून येणारे कुणाच्या तरी गाण्याचे अर्धवट सूर, वळचणीला किलबिलणाऱ्या असंख्य चिमण्या. पश्चिमेला एकावर एक चढलेल्या ढगांमधून निळ्या आभाळाचे तुकडे. डोळा, नाक, कान, तिन्ही कामाला लावले आहेत. याला प्रतिमासृष्टी म्हणायचं हे झालं नाव. काम काय होतं ते बघा. लुईसला स्वतःला अजून काही कळलेलं नाही, ती रडून थकलेल्या मुलासारखी हुंदके देते आहे, पण तिच्या आधी आपल्याला कळून चुकतं की इथे शोक टिकणार नाही. निसर्ग तिच्या मनाच्या एक पाऊल पुढे चालतो आहे.

फेरीवाल्यावर जरा थांबा. पालवी, पाऊस, पाखरं ही कवितेतली नेहमीची मंडळी, पण माल विकायला ओरडणारा माणूस? त्याच्यामुळे ते दृश्य चित्रातलं न राहता रस्त्यावरचं होतं. जग आपल्या कामाला लागलेलं आहे, कुणाच्याही मरणाने थांबलेलं नाही.

मग ‘ते’ येतं. शोपॅन त्याला नाव देत नाही. काहीतरी तिच्याकडे येत होतं आणि ती भीत भीत त्याची वाट बघत होती. ते आभाळातून सरपटत बाहेर पडत होतं, आवाजांतून, वासांतून, रंगांतून तिच्यापर्यंत पोचू पाहत होतं. ही भाषा भुताच्या गोष्टीची आहे. ते तिचा ताबा घ्यायला आलं आहे, आणि ती ते मनाच्या जोराने परतवू बघते. पण ते मन तिच्या दोन गोऱ्या नाजूक हातांइतकंच दुबळं आहे.

आता क्रियापदांखाली रेघा मारा. आधी सगळं तिच्यावर घडतं : दुःख तिला खुर्चीत दाबतं, थकवा तिच्या जिवापर्यंत पोचतो, ‘ते’ तिच्याकडे येतं. मग विरोध सुटतो आणि एक शब्द तिच्या ओठांतून निसटतो. तोही ती आधी ‘म्हणत’ नाही, तो निसटतो, आणि मग ती तो पुन्हा पुन्हा पुटपुटते. मोकळी, मोकळी, मोकळी! इथून पुढे कर्ता ती होते. तिला पुढची वर्षं दिसतात, सगळी तिच्या एकटीच्या मालकीची, आणि त्यांच्या स्वागताला ती हात पसरते. दुबळे म्हणून दाखवलेले तेच हात. प्रतीकं शोधायची तर अशी शोधावीत : एकच वस्तू दोनदा येते तेव्हा मधल्या वेळात तिचा अर्थ किती हलला?

खिडकी उघडी आणि दार बंद, हा जोडसुद्धा असाच बघा. खिडकीतून जे येतं ते तिला हवंसं होतं. दारातून जे येतं ती इतरांची काळजी असते. आणि शेवटी पुढचं दार उघडतं ते लॅच-कीने, म्हणजे घराच्या मालकाच्या किल्लीने. ‘बंद दार म्हणजे बंधन’ असं पाठ केलेल्या विद्यार्थ्याची इथे पंचाईत होते, कारण या कथेत तिने स्वतः लावून घेतलेलं दार हीच तिची मोकळीक आहे.

पायरी ५ : तिला कोण काय म्हणतं

थोडक्यात. पहिल्या वाक्यात ती ‘मिसेस मॅलर्ड’ आहे, नवऱ्याच्या आडनावाने. खोलीत ती नुसती ‘ती’ असते. मोकळी झाल्यावर पहिल्यांदा आपल्याला तिचं स्वतःचं नाव कळतं, तेही जोसेफिनच्या हाकेतून. आणि रिचर्ड्स ब्रेन्टलीला आडवा होतो तेव्हा वाक्यात ती पुन्हा ‘त्याची बायको’ असते. लुईस हे नाव तिला घटकाभरच मिळतं. ब्रेन्टली तर संपूर्ण कथेत एक शब्दही बोलत नाही.

पहिल्या वाक्याची घडणही याच जातीची. तिला हृदयविकार आहे हे जाणून बातमी सांगताना फार काळजी घेण्यात आली. कोणी घेतली? वाक्य सांगत नाही. तिच्याबद्दलचे निर्णय आसपासचे घेतात आणि ती फक्त काळजीचा विषय असते, हे पहिल्याच ओळीत, एकही तक्रार न करता, सांगून झालेलं आहे. हृदयविकाराचा उल्लेख ही शेवटाची पूर्वसूचना असते हे सगळेच टिपतात. या कर्त्याविना वाक्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

पायरी ६ : ब्रेन्टलीला खलनायक करू नका

नव्या वाचकाचा पाय सर्वांत जास्त इथे घसरतो. बायकोला नवरा मेल्याचा आनंद होतो, तेव्हा नवरा छळवादी असणार, असं आपण गृहीत धरतो. मग उत्तरपत्रिकांत ब्रेन्टली दारू पितो, मारतो, बोलतो. कथेत यातलं काही नाही. उलट लुईसला पुरतं ठाऊक आहे की त्याचे प्रेमळ हात मृत्यूने जोडलेले दिसले की आपण पुन्हा रडू. त्या चेहऱ्याने तिच्याकडे कधी प्रेमाशिवाय बघितलेलं नाही. आणि तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, कधी कधी. बरेचदा नव्हतं.

हे शेवटचं जोडवाक्य दहा वेळा वाचावं असं आहे. ‘कधी कधी’ आणि ‘बरेचदा नव्हतं’. प्रत्येक संसाराचा इतका प्रामाणिक हिशेब दोन ओळींत क्वचितच कुणी मांडला असेल. पुढे लुईस म्हणते, काय फरक पडतो आता! या स्वतःच्या मालकीपुढे प्रेम नावाच्या त्या न सुटलेल्या कोड्याची काय किंमत?

कथेचं आशयसूत्र याच्या थोडं आधी आहे, आणि माझ्या मते तेच कथेचं हृदय. शेवटची कलाटणी त्यामानाने कारागिरी. येणाऱ्या वर्षांत कुणासाठी जगावं लागणार नाही, ती स्वतःसाठी जगेल. तिच्या इच्छेला वाकवणारी दुसरी कुणाची जबरदस्त इच्छा आता नसेल. स्त्रिया आणि पुरुष ज्या आंधळ्या हट्टाने समजतात की आपली मर्जी दुसऱ्या माणसावर लादायचा आपल्याला हक्क आहे, तो हट्ट. हेतू प्रेमळ असो की क्रूर, कृती गुन्हाच ठरते.

‘स्त्रिया आणि पुरुष’ असं लिहिलं आहे, नुसतं ‘पुरुष’ नाही. म्हणजे तक्रार ब्रेन्टलीविरुद्ध नाही, पुरुषजातीविरुद्धही पुरती नाही. माणूस माणसाच्या आयुष्याचा कारभारी होतो त्या रचनेविरुद्ध आहे. ब्रेन्टली चांगला असणं कथेला आवश्यक आहे. तो वाईट असता तर वाचक म्हणाला असता, हिला नवरा चांगला मिळायला हवा होता. तो चांगला आहे म्हणून तो सोपा उपाय हातातून जातो.

इथे निवेदनाकडेही लक्ष द्या. हे विचार लुईसचे की निवेदिकेचे? अवतरणचिन्ह नाही, ‘तिला वाटलं’ असंही प्रत्येक वेळी नाही. निवेदन तृतीयपुरुषी राहूनही तिच्या डोक्यात शिरलेलं असतं. याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. त्याचा फायदा असा की लेखिकेला बाजू न घेता बाजू घेता येते. कुणी विचारलं तर हे पात्राचं मत, माझं नव्हे, असं म्हणायला जागा राहते. तिच्या आनंदाला निवेदन ‘राक्षसी आनंद’ म्हणतं तेव्हा ते विशेषण कुणाचं? समाजाचं, लुईसच्या संस्कारांचं, की लेखिकेचं? लुईसला तो राक्षसी आहे का असा प्रश्नच पडत नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. यावर दोन जाणकार वाचक भांडू शकतात. काहींना लुईस स्वार्थी वाटते, काहींना तिचा आनंद आजारी मनाचा उमाळा वाटतो. मला ते पटत नाही, पण कथेत त्या वाचनाला आधार सापडतो हे मान्य करावं लागतं.

पायरी ७ : आता काळ आणि लेखिका

हे आधी न वाचता आत्ता वाचावं, नाहीतर चरित्र कथेवर स्वार होतं.

कथा लिहिली एप्रिल 1894 मध्ये. ‘व्होग’ या नियतकालिकात 6 डिसेंबर 1894 रोजी छापून आली तेव्हा नाव होतं ‘द ड्रीम ऑफ ॲन अवर’, एका तासाचं स्वप्न. आजचं नाव पुढे रूढ झालं. जुन्या नावात निकाल आधीच लागलेला होता, स्वप्न म्हणजे मोडणार. नवं नाव काही बोलत नाही, आणि म्हणून मला ते अधिक आवडतं.

शोपॅनचा जन्म सेंट लुइसचा, 1850 चा. ती पाच वर्षांची असताना तिचे वडील मिसूरीत पूल कोसळून झालेल्या रेल्वे अपघातात गेले. पुढे ती विधवा आई, आजी, पणजी अशा बायकांच्या घरात वाढली. 1870 मध्ये ऑस्कर शोपॅनशी लग्न झालं, सहा मुलं झाली, आणि 1882 मध्ये नवरा गेला. लुइझियानात मागे राहिलेला त्याचा धंदा तिने काही काळ स्वतः सांभाळला, मग सेंट लुइसला परतून लिहायला लागली. रेल्वे अपघात आणि वैधव्य दोन्ही तिच्या घरातले, हे कळल्यावर ‘म्हणजे ही तिचीच कथा’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. तिचा स्वतःचा संसार दुःखी होता असं मानायला ही कथा पुरावा ठरत नाही.

कायदा मात्र समजून घ्यायला हवा. इंग्लंडकडून अमेरिकेत आलेल्या परंपरेनुसार लग्नानंतर बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन व्हायचं. करार, मालमत्ता, मिळकत सगळं त्याच्या हातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वेगवेगळ्या राज्यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे करून हे ढिलं केलं, पण विचारांतून ते गेलं नव्हतं. मताचा हक्क देशभर मिळायला 1920 उजाडलं. या व्यवस्थेत विधवा झालेली बाई पुन्हा स्वतःच्या नावाने उभी राहू शकत होती. येणारी वर्षं ‘सर्वस्वी आपली’ असं लुईसला वाटतं त्यात नुसती भावना नाही, व्यवहारही आहे.

मराठी वाचकासाठी इथे एक खड्डा आहे. 1894 मधली विधवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केशवपन, आलवण आणि माजघराचा कोपरा येतो. त्याच सुमाराला पंडिता रमाबाई तशा बायकांसाठी शारदा सदन चालवत होत्या, आणि त्यांच्या कामाला पैसा बराचसा अमेरिकेतूनच येत होता. ते चित्र मनात ठेवून वाचलं तर लुईसचा आनंद अनाकलनीय वाटेल, कारण पुण्यातल्या तिच्यासारख्या उच्चवर्णीय बाईला नवरा गेल्यावर मोकळीक नव्हे, उरलीसुरली हालचालही गमवावी लागत होती. लुईसच्या घरात पैसा आहे, प्रशस्त आरामखुर्ची आहे, वरच्या मजल्यावर स्वतःची खोली आहे. ज्यांना हे काहीच नव्हतं त्यांच्याबद्दल कथा गप्प आहे. हा कथेचा दोष धरू नका, पण तिची हद्द कुठे संपते ते लक्षात असू द्या.

पायरी ८ : शेवटचं वाक्य उलगडा

जिना उतरताना ती नकळत विजयदेवतेसारखी चालते. पहिल्या वाचनात ही उपमा जरा भरजरी वाटते. दुसऱ्यांदा कळतं की ती मुद्दाम उंच चढवली आहे, पाडण्यासाठी. त्याआधीचं एक वाक्य मात्र त्याहून क्रूर आहे : आयुष्य दीर्घ असावं अशी घाईघाईची प्रार्थना तिने केली, आणि कालच आयुष्य दीर्घ असेल या विचाराने ती शहारली होती.

मग ब्रेन्टली, प्रवासाने मळलेला, हातात बॅग आणि छत्री. किती साधा माणूस आहे बघा. छत्री घेऊन घरी आलेला नवरा.

डॉक्टरांचं निदान : जीवघेण्या आनंदाने गेली. आता पहिल्या पायरीवर रेघ मारलेला तो ‘धक्का’ काढा. त्यांच्या मते नवरा जिवंत दिसल्याचा आनंद. आपल्या मते तो दिसल्याने हातचं गेल्याचा धक्का. पण इथे थांबू नका. डॉक्टरांचे शब्द चुकीच्या कारणासाठी बरोबर आहेत. आनंदानेच ती गेली, फक्त तो आनंद ब्रेन्टलीच्या येण्याचा नव्हता, वरच्या खोलीत मिळालेल्या तासाचा होता. तो मिळालाच नसता तर ती कदाचित पुढेही जगली असती, आयुष्य लांबेल म्हणून शहारत. एकाच वाक्यात विनोद, खोटं निदान आणि खरं कारण तिन्ही बसलेली आहेत, आणि हे वाक्य बोलणाऱ्यांना यातलं एकच ठाऊक आहे.

पायरी ९ : लिहायला बसाल तेव्हा

‘खिडकी हे स्वातंत्र्याचं प्रतीक आहे’ हे वाक्य लिहून पुढे जाऊ नका. ते कथा न वाचताही लिहिता येतं. त्याऐवजी असं काही :

‘लुईस खिडकीसमोर बसते तेव्हा ती काही शोधत नसते. बाहेरचे वास आणि आवाज तिच्यापर्यंत येतात, ती आधी त्यांना विरोध करते आणि मग हात पसरते. स्वातंत्र्य ती मिळवत नाही, ते तिच्यावर येऊन आदळतं. म्हणून शेवटी ते काढून घेतलं जातं तेव्हाही तिला काही करता येत नाही.’

चार वाक्यं, एकही पारिभाषिक शब्द नाही, पण प्रत्येक वाक्याला कथेतला आधार. पाचव्या वाक्यात प्रतीक, प्रतिमा, पूर्वसूचन असं जे नाव लागेल ते लावा. उदाहरण देताना पूर्ण परिच्छेद उतरवायची गरज नाही. दोन-तीन शब्द उचला, आणि ते तिथे का, हे सांगा. शंका आली तर एक प्रयोग करा : तो तपशील काढून टाकला तर कथेचं काय बिघडेल? फेरीवाला काढला तर? रिचर्ड्सची दुसरी तार काढली तर? काही बिघडत नसेल तर तो मुद्दा सोडून द्या.

‘ही कथा स्त्रीवादी आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण ‘स्त्रिया आणि पुरुष’ या शब्दांना बगल देऊन उत्तर लिहू नका.

हात बसला की शोपॅनच्या आणखी दोन कथा घ्या. ‘अ पेअर ऑफ सिल्क स्टॉकिंग्ज’मध्ये मिसेस सॉमर्सना अचानक पंधरा डॉलर मिळतात आणि मुलांसाठी ठरवलेला खर्च दुसरीकडेच वळतो, तिथे खिडकीचं काम दुकानातला एक मऊ स्पर्श करतो. ‘देझिरेज बेबी’ ही 1893 ची, लुइझियानातली, लग्न आणि वंश यांवरची, आणि तिचाही शेवट एकाच वाक्यात उलटतो. ती वाचताना तिसऱ्या पायरीवरचा तक्ता पहिल्या परिच्छेदापासूनच भरायला घ्या, आणि त्यात नवऱ्यासाठी एक रकाना जास्त ठेवा.